थायलंडच्या रस्त्यावरचं दुपारचं जेवण: एकट्याने नको, चौघांनी मिळून

गवतीचहा

बँकॉकला फिरून गेलेल्या आपल्या मंडळींचे जेवणाचे फोटो पाहिले की एक गोष्ट मला खटकते. प्रत्येकापुढे एकेक ताटली. एकाचं पॅड थाई (परतलेल्या नूडल्स), दुसऱ्याचा फ्राइड राइस, तिसऱ्याची हिरवी करी, आणि जो तो आपापलं संपवून उठतो. थाई जेवण असं खाल्लं तर अर्धं हाती लागतच नाही. मी नोकरीमुळे बरीच वर्षं इथे आहे. दुपारी ऑफिसातल्या थाई मैत्रिणींबरोबर खाली सोयमध्ये, म्हणजे गल्लीत, जेवते. त्यावरून जे कळलं ते लिहिते.

इथली रीत अशी की भात ज्याचा त्याचा, बाकी सगळं सगळ्यांचं. भाताबरोबरचे पदार्थ टेबलाच्या मधोमध ठेवायचे आणि एका वेळी एकाच पदार्थाचा चमचाभर आपल्या ताटलीत घ्यायचा, खाऊन झाला की दुसऱ्याचा. ताटलीत ढीग करून घेणं बरं दिसत नाही. आंबट, तिखट, खारट, गोड यांचा मेळ सगळ्या टेबलावर मिळून जमवलेला असतो, एकाच पदार्थात नव्हे. म्हणून नुसतं सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, मागवून एकटं खाणाऱ्याला ते फार आंबट-तिखट वाटतं आणि नुसतं भाजलेलं चिकन खाणाऱ्याला कोरडं. दोन्ही एकत्र आली, जोडीला चिकट भात असला, की त्यांची बरोबर जागा कळते.

आमचं नेहमीचं जेवण इसानचं असतं. इसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग, लाओसला लागून असलेला. चौघी असलो तर साधारण असं मागवतो: एक सोम तम, अर्धी काय यांग (निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी), एक लाप (खिमा, लिंबू, पुदिना आणि भाजून कुटलेल्या तांदळाची पूड), एखादं आंबट सूप आणि प्रत्येकीला खाव निआव, म्हणजे चिकट भात. सोम तम पन्नास-साठ बाथ, लाप सत्तरच्या आसपास, अर्धी कोंबडी शंभरच्या आत-बाहेर, भात दहा-पंधरा. सूप आणि बर्फ-पाणी धरूनही माणशी शंभर बाथच्या आसपास पोटभर जेवण होतं. एक बाथ म्हणजे अडीच-तीन रुपये धरा. एकटीने यातले दोन पदार्थ मागवले तरी तेवढेच पैसे जातात आणि बाकीचे दोन चाखायचे राहतात.

चिकट भाताबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळं जेवण त्याच्यावर उभं आहे. हा आपला गिच्च झालेला भात नव्हे. तांदळाची जातच वेगळी. त्यात ॲमिलोज हा स्टार्च जवळजवळ नसतोच, म्हणून दाणे एकमेकांना धरून राहतात. तो पाण्यात शिजवत नाहीत. काही तास किंवा रात्रभर भिजवून बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत वाफवतात. विकणारी बाई तो छोट्या विणलेल्या डबीत किंवा सरळ प्लॅस्टिकच्या पिशवीत देते. उजव्या हाताने सुपारीएवढा गोळा तोडायचा, बोटांनी जरा दाबायचा आणि सोम तमच्या रसात बुडवून खायचा. भात गरम असताना फार चिकट लागतो, जरा निवला की बोटांना चिकटत नाही. आपल्याकडे हाताने जेवायची सवय असल्यामुळे हे जेवण मराठी माणसाला पहिल्या घासापासून जमतं. साधा भात असेल तर मात्र चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, आणि काट्याने अन्न चमच्यावर ढकलायचं. काटा तोंडात घालत नाहीत. चॉपस्टिक फक्त नूडल्सना.

हे स्वस्त का पडतं? एका गाडीवर एकच काम चालतं. सोम तमवाली दिवसभर सोम तमच करते, कोंबडी भाजणारा कोंबडीच भाजतो. पहाटे ख्लोंग तोईच्या घाऊक बाजारातून आणलेला माल साडेअकरा ते दीड या वेळात संपतो. उरत नाही, म्हणून वाया जात नाही, म्हणून दर कमी ठेवता येतो. आम्ही एकीला टेबल धरायला बसवतो आणि बाकीच्या तिघी तीन गाड्यांवर जातात. आमच्या सोयमध्ये कोणत्याही गाडीचं अन्न कोणत्याही टेबलावर चालतं.

टेबलावर चार बरण्यांचा एक संच असतो: मिरचीची पूड, साखर, मिरची घातलेलं व्हिनेगर आणि नाम प्ला म्हणजे माशाचं खारट पाणी. तो नूडल्ससाठी असतो. नूडल्स मुद्दाम जरा फिक्या देतात आणि आपल्या जिभेप्रमाणे आपणच सारख्या करून घ्यायच्या असतात. आधी चव घ्या, मग घाला.

कोणी बँकॉकला येणार असाल तर विचारा, जमेल तेवढं सांगेन.

---

मुळशीकर

फार छान लिहिलंय. दिवाळीनंतर आई-वडिलांना घेऊन येतोय. वडील पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना रस्त्यावरचं खायची हौस आहे, पण मला त्यांच्या पोटाची काळजी वाटते. पाणी, बर्फ, कच्चे पदार्थ यांचं काय? आणि तिघांत किती पदार्थ मागवावेत?

---

गवतीचहा

मुळशीकर, वडिलांना जरूर खाऊ घाला, फक्त पदार्थ निवडून. बर्फ नळीसारखा, मधे भोक असलेला दिसला तर तो कारखान्यात बनलेला असतो, तो सगळे पितात. पाण्याची बंद बाटली सातशे पावलांवर कुठेही मिळते. खरी काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची. सोम तमचे बरेच प्रकार असतात. त्यातल्या 'पू प्ला रा' प्रकारात शेतातले खारवलेले कच्चे खेकडे आणि आंबवलेल्या माशाचं पाणी असतं. ते तुम्ही घेऊ नका. 'सोम तम थाई' मागा. त्यात शेंगदाणे, सुकी कोळंबी आणि ताडाचा गूळ असतो, चव गोडसर लागते. दुसरी गोष्ट, लाप शिजवलेलाच घ्या. इसानमध्ये कच्च्या मांसाचा लापही खातात.

बाकी, जिथे ऑफिसातल्या लोकांची रांग आहे तिथे साडेअकराला पोचा. बाराला टेबल मिळत नाही आणि दोनला अन्न संपलेलं असतं. तिघांना तीन पदार्थ आणि भात पुरे. 'माय फेत' म्हणालात तर तिखट घालत नाहीत, तरी एखादी मिरची पडतेच.

वडिलांना खाली बसायला, उन्हात थांबायला त्रास होत असेल तर मॉलमधलं फूड कोर्ट बघा. असोक स्टेशनला जोडलेल्या टर्मिनल २१ मधलं पिअर २१ त्यासाठी चांगलं आहे. तिथले दर रस्त्यासारखेच, वर एसी. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, उरलेले पैसे निघताना परत मिळतात. प्रत्येकाने वेगवेगळ्या काउंटरवरून एकेक पदार्थ आणून मधे ठेवला की झालं.

---

शाकाहारी_भटकी

धागा आवडला, पण एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. मधोमध ठेवून सगळ्यांनी खायचं हे ऐकायला सुंदर आहे. शाकाहारी माणूस त्या टेबलावर उपाशी राहतो. सोम तममध्ये सुकी कोळंबी आणि नाम प्ला. भाजीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट. 'मांस नको' म्हटलं की मांसाचे तुकडे काढतात, माशाचं पाणी तसंच राहतं, कारण त्यांच्या लेखी ते मीठ आहे. त्यात फसवणूक काही नाही. पण प्रवासाच्या ब्लॉगवर 'शाकाहारी सहज मिळतं' असं लिहिणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा विचार करायला हवा.

मला सापडलेला मार्ग लिहिते. पिवळ्या रंगावर लाल अक्षरात เจ असं लिहिलेली पाटी किंवा झेंडा शोधा, उच्चार 'जे'. ही चिनी बौद्ध परंपरा. मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. आपल्या जैन मंडळींनाही ते बरंचसं चालतं, कंदमुळांचं मात्र विचारून घ्या. अशा दुकानात भातावर दोन-तीन भाज्या घालून देतात, तीस-चाळीस-पन्नास बाथमध्ये. आम्ही तिघी मैत्रिणी तिथे प्रत्येकी वेगळ्या भाज्या घेतो आणि एकमेकींच्या ताटलीतलं खातो. तेही वाटून खाणंच झालं.

---

गवतीचहा

शाकाहारी_भटकी, तुमचं म्हणणं पूर्ण पटलं, आणि ते इथे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. มังสวิรัติ म्हणजे 'मांगसाविरात' हाही शब्द आहे. त्यात अंडं-दूध चालतं, कांदा-लसूण चालतो. पण गाडीवाल्याला 'जे' चटकन कळतं. माझी एक मराठी सहकारी शुद्ध शाकाहारी आहे. ती आमच्याबरोबर बसते, पण तिची ताटली जे-च्या दुकानातून येते. सोम तमवालीला आम्ही तिच्यासाठी वेगळं करायला सांगितलं तर ती करते, पण उखळ तेच असतं. ज्याला तेवढंही चालत नाही त्याने इसानच्या गाडीवर मागवू नये, हेच बरं.

---

हेमाडपंती

या ताटलीमागचा इतिहास मला फार आवडतो, म्हणून थोडं अवांतर.

आज ज्याच्याशिवाय थाई जेवणाची कल्पना करवत नाही ती मिरची अमेरिका खंडातली. पपईही तिकडचीच. दोन्ही युरोपीय जहाजांनी आशियात आणली. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी आपला दूत अयुथयेला, म्हणजे इथल्या तेव्हाच्या राजधानीत, पाठवला. म्हणजे सोम तममधली पपई आणि मिरची इथे येऊन फार तर पाच शतकं झाली. त्याआधी तिखटपणा मिऱ्यांचा होता.

नूडल्स चिनी स्थलांतरितांबरोबर आल्या. पॅड थाई त्याहून नवं. पंतप्रधान फील्ड मार्शल पिबुनसोंगख्राम यांच्या काळात, ज्यांनी १९३९ मध्ये देशाचं नाव सयामचं थायलंड केलं, नूडल्स खाण्याचा सरकारी प्रचार झाला आणि पॅड थाईला राष्ट्रीय पदार्थाचं रूप मिळालं. सोम तम आणि चिकट भात बँकॉकभर पसरले ते इसानमधून कामाला आलेल्या मजुरांबरोबर. टॅक्सी चालवणारे, बांधकामावरचे, घरकाम करणाऱ्या बाया. त्यांना गावचं जेवण हवं होतं, त्यांच्यातल्याच बायकांनी गाड्या टाकल्या. गरिबांनी गरिबांसाठी केलेलं हे जेवण आज बँकेतली साहेबमंडळीही त्याच स्टुलावर बसून खातात. २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत तोम याम कुंग, म्हणजे कोळंबीचं आंबट-तिखट सूप, गेलं. माझ्या मते सोम तमचाही मान तेवढाच आहे.

---

दर्यावर्दी

हेमाडपंती, पोर्तुगीजांचा विषय काढलात तर गोड राहून कसं चालेल! थायलंडमध्ये फॉय थोंग म्हणून सोनेरी शेवयांसारखं गोड मिळतं. अंड्याच्या बलकाची धार साखरेच्या पाकात सोडून करतात. पोर्तुगालमध्ये हाच पदार्थ 'फियुश द ओवुश' म्हणून करतात. सयामच्या दरबारात तो रुळवण्याचं श्रेय मारिया गुयोमार द पिन्या या बाईला देतात. तिच्या घराण्यात जपानी आणि पोर्तुगीज रक्त होतं. तिचा ग्रीक नवरा फॉल्कन राजा नारायचा मोठा अधिकारी होता, १६८८ च्या उलथापालथीत त्याला मारलं. आमच्या गोव्यात बेबिंकेला ढिगाने बलक लागतात, तीही त्याच दर्यावरून आलेली चव. बँकॉकच्या बाजारात फॉय थोंग खाताना मला परकं वाटलंच नाही.

आता कामाचं. सोम तम घरी करता येतं का? आमच्या परसात पपया लटकताहेत. माडाचा गूळही घरात आहे.

---

गवतीचहा

दर्यावर्दी, तुमच्याकडे सगळं आहे! पपई अगदी कच्ची, चीर दिली की चीक येणारी घ्या. सोलून, चीक धुऊन, लांब बारीक काप करा आणि बर्फाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा म्हणजे कुरकुरीत राहतात. चवळीच्या शेंगा कच्च्याच, बोटाएवढ्या. चेरी टोमॅटो नसतील तर साधा आंबट टोमॅटो. भाजलेले शेंगदाणे, लिंबू, लसूण, मिरची.

इथली उखळ मातीची आणि मुसळ लाकडाचं असतं. त्यामुळे पपई चेचली जाते, तिचा लगदा होत नाही. आपला दगडी खलबत्ता जड आहे, तेव्हा त्यात फक्त लसूण, मिरची आणि गूळ कुटा. पुढचं मोठ्या लाकडी नाहीतर जाड भांड्यात करा. शेंगा, मग टोमॅटो, शेवटी पपई. एका हाताने हलके ठोके, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालून वर करत राहायचं. लिंबू आणि नाम प्ला चव बघत घाला. नाम प्ला नको असेल तर मीठ आणि किंचित सोया सॉस. केल्या केल्या खा, ठेवलं की पाणी सुटतं.

चिकट तांदूळ आसामचा बोरा साऊल मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर साध्या भाताबरोबर खा. आंबेमोहोर मऊ असला तरी त्या तऱ्हेचा चिकट होत नाही.

---

शेवंता_पुणे

मी मागच्या वर्षी गेले होते तेव्हा बहिणीने खिमा-भात मागवला, वर तळलेलं अंडं. त्यातल्या पानांचा वास आला आणि दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. तुळस! खरंच तुळस शिजवतात का?

---

गवतीचहा

हो शेवंता, तो पॅड क्रापाव. क्रापाव ही आपल्या तुळशीच्याच जातीची वनस्पती आहे, फक्त इथे ती स्वयंपाकासाठी लावतात. गरम कढईत लसूण-मिरचीवर खिमा परतून अगदी शेवटी मूठभर पानं टाकतात. घरी देव्हाऱ्यापुढे तुळस असणाऱ्याला पहिल्यांदा कसंतरी होतं, हे मी समजू शकते. माझ्या आईने ती ताटली बाजूला सारली होती आणि मी आग्रह केला नाही. हिरव्या करीतली पानं वेगळी, ती होरापा. ज्या झाडाचं बी आपण सब्जा म्हणून भिजवतो त्या जातीची.

पॅड क्रापाव हा मात्र एकट्याने खायचाच पदार्थ आहे. कोणी बरोबर नसेल त्या दुपारी थाई माणूस हाच मागवतो.

---

मुळशीकर

एक वेगळाच प्रश्न. बँकॉकमधले फेरीवाले हटवले असं वाचलं होतं. मग हे सगळं अजून मिळतं ना?

---

हेमाडपंती

मिळतं, पण कमी झालंय. २०१४ नंतर महापालिकेने एकेक पदपथ मोकळा करायला घेतला. २०१७ च्या एप्रिलमध्ये सगळेच हटवणार अशी बातमी फुटली, जगभर आरडाओरड झाली, मग याओवारात (चिनी वस्तीचा भाग) आणि खाव सान (पर्यटकांचा रस्ता) इथे राहतील असा खुलासा आला. माझं मत सांगतो. पदपथ चालणाऱ्यांचाही आहे. चाकाच्या खुर्चीवरून जाणारा माणूस, बाळाची गाडी घेतलेली आई, त्यांनी रस्त्यावर उतरायचं का? गाड्यांना जागा आखून द्यावी, वेळ ठरवून द्यावी, आणि मग त्यांना कोणी हात लावू नये.

---

गवतीचहा

आखून देण्याशी मी सहमत आहे. पण 'मोकळा पदपथ' म्हणजे नक्की कोणाची सोय, हेही विचारायला हवं. आमच्या ऑफिसच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या मावशी त्याच सोम तमवालीकडे जेवतात जिच्याकडे आम्ही. गाड्या गेल्या तर मी मॉलमधल्या रेस्टॉरंटमध्ये जाईन, दुप्पट पैसे देईन. त्या कुठे जातील? या शहरातले अनेक लोक घरी रांधतच नाहीत. लहान खोली, स्वयंपाकघर नाही, संध्याकाळी भाजी-भात पिशवीत बांधून घरी न्यायचा. त्यांच्यासाठी ही गाडी म्हणजेच स्वयंपाकघर. सरकारलाही हे कोरोनाच्या काळात कळलं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये 'खोन ला ख्रुंग' योजना आली. छोट्या दुकानातून, गाडीवरून घेतलेल्या मालाचे निम्मे पैसे सरकार भरायचं, दिवसाला दीडशे बाथपर्यंत. आमच्या सोयमध्ये आजीबाई वयाच्या विक्रेत्यांनीही तेव्हा फोनवर पैसे घ्यायला सुरुवात केली. तुम्ही मात्र मुळशीकर, रोख न्या. वीसच्या हिरव्या आणि शंभरच्या लाल नोटा. हजारची नोट गाडीवर काढू नका, त्या बाईला सुट्टे द्यायला शेजारी पळावं लागतं.

आणि सोमवारी फार हिंडू नका. बऱ्याच भागांत सोमवार रस्ते धुण्याचा म्हणून गाड्या लागत नाहीत. त्या दिवशी तुमचं फूड कोर्ट.

---

दर्यावर्दी

पपई झाली! मुसळ हलकं मारायची सूचना फार उपयोगी पडली. लिंबाच्या जोडीला थोडी चिंच घातली, माडाच्या गुळाने झकास चव आली. घरातल्या सहा जणांनी मधे परात ठेवून, तळलेल्या बांगड्याबरोबर खाल्लं. पुतण्या पुन्हा कधी म्हणून विचारतोय.

---

मुळशीकर

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं: आमची काकू बरोबर येतेय असं आता ठरलं, आणि ती नवरात्र-चातुर्मास कडक पाळणारी, कांदा-लसूण वर्ज्य. तिकिटं अजून काढलेली नाहीत. तिच्यासाठी कुठला काळ बरा?

---

शाकाहारी_भटकी

मग दिवाळीनंतर न जाता जे-च्या उत्सवात जा! चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस असतात. बहुतेक वर्षी ते आपल्या नवरात्रातच येतात. २०२४ मध्ये दोन्ही ३ ऑक्टोबरला सुरू झाले. चिनी अधिक महिना आला की मात्र कधीकधी पुढे सरकतात. २०२५ मध्ये नवरात्र सप्टेंबरात आणि जे-चा उत्सव थेट आपल्या दिवाळीत होता. तेव्हा तारीख बघूनच तिकिटं काढा. त्या नऊ दिवसांत बँकॉकच्या याओवारातमध्ये रस्ताभर पिवळे झेंडे लागतात. एरवी मांस विकणाऱ्या कितीतरी गाड्याही जे होतात, कढया घासून वेगळ्या करतात. फुकेतचा उत्सव सगळ्यात मोठा, पण तिथल्या मिरवणुकीत गालातून सळ्या टोचून घेतलेले भक्त असतात. काकूंना ते बघवणार नसेल तर याओवारातच बरं.

तिथे तळलेला तोफू, कुरकुरीत तारोचे (अळकुड्यांचे) वडे, मशरूमचं सूप आणि भात असं चौघांत मागवा. काकूंना सांगा, त्या टेबलावरचा प्रत्येक पदार्थ त्या तुमच्याआधी चाखू शकतात.